नोंदवहीबाहेरची प्रत: सोर्स कोडवरचा शिक्का, लेबल आणि गोंदियाचा सातबारा

#थ्रेड #इतिहास #संगणक

१/ सोर्स कोडचा संपूर्ण इतिहास रिपॉझिटरीत जपलेला असतो. तेव्हा फाईलच्या माथ्यावर आवृत्तीचा शिक्का मारणे हा जुन्या पिढीचा भाबडेपणा होय, असे मत प्रोग्रामरांच्या वर्तुळात आज इतके रूढ झाले आहे की त्याला कोणी प्रमाण मागत नाही. हे मत अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच त्याचे खंडन करणे आवश्यक आहे. या मताचा पन्नास वर्षांचा इतिहास आणि त्याला दिलेले उत्तर, असे दोन्ही या थ्रेडमध्ये आहे. आरंभ मात्र गोंदिया जिल्ह्यातल्या एका कागदापासून.

२/ अर्जुनी मोरगाव तालुक्यातला शेतकरी धान खरेदी केंद्रावर नोंदणीला जातो तेव्हा त्याच्या हातात सातबारा असतो. केंद्रावरच्या कारकुनापुढे तलाठ्याची फेरफार नोंदवही नसते. असतो तो एवढा एक कागद. कागद काढल्यानंतर भावांत वाटणी झाली असेल, वारसनोंद झाली असेल, बँकेचा बोजा उतरला किंवा चढला असेल. नोंदवहीत हे सारे आहे. नोंदवही तेथे नाही. कागदावरचा मजकूर कोणत्या दिवसापर्यंतचा आहे, हे कागदानेच सांगावे लागते.

३/ सातबारा कसा घडतो ते आधी पाहू. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार हक्कातला बदल प्रथम गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, लिहिला जातो. त्याला क्रमांक मिळतो. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच तिचा अंमल सातबारावर येतो. खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात दिसणारा आकडा तो हाच फेरफार क्रमांक.

४/ प्रोग्रामरांच्या शब्दांत सांगायचे तर फेरफार नोंदवही ही रिपॉझिटरी, प्रमाणित फेरफार हा कमिट आणि सातबारा ही त्यातून काढलेली प्रत. पूर्वी तलाठी प्रमाणित न झालेला बदल सातबारावर पेन्सिलने लिहीत असे आणि प्रमाणित झाल्यावर शाईने. कमिट न झालेल्या बदलाची इतकी साधी आणि इतकी स्पष्ट खूण संगणकाला पुष्कळ उशिरा सुचली. तिच्याकडे पुढे परत यायचे आहे.

५/ २०२० च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने सातबाराचा नमुना बदलला. वृत्तपत्रांनी बातमी दिली ती मुख्यतः राजमुद्रेची आणि नव्या रूपाची. खरा बदल वेगळाच होता. त्या गटाचा शेवटचा फेरफार क्रमांक आणि त्याचा दिनांक आता सातबारावरच छापला जाऊ लागला. फेरफार प्रलंबित असेल तर तसा उल्लेख, आणि नसेल तर ‘प्रलंबित फेरफार नाही’ असाही उल्लेख. गावाच्या नावासोबत गावाचा संकेतांक. हा मजकूर कोणी हाताने लिहीत नाही. प्रत काढताना यंत्रणा तो नोंदवहीतून उचलून भरते.

६/ सोर्स कोडच्या जगात याच क्रियेला कीवर्डचा विस्तार म्हणतात, आणि तिचा जन्म १९७२ चा आहे. त्या वर्षी बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम, संक्षेपाने एससीसीएस, रचली. तीत प्रोग्रामर फाईलमध्ये आवृत्ती क्रमांक लिहीत नसे. तो क्रमांकाची जागा लिहून ठेवी. दोन टक्केचिन्हांमध्ये एक अक्षर: एका अक्षराचा अर्थ फाईलचे नाव, दुसऱ्याचा आवृत्ती क्रमांक, तिसऱ्याचा दिनांक. प्रत काढताना यंत्रणा त्या जागी खरे मूल्य भरत असे.

७/ या शिक्क्याआधी @(#) अशी चार चिन्हे उमटत. शिक्का कोडमधल्या एखाद्या स्ट्रिंगमध्ये ठेवला की कंपाईल झालेल्या प्रोग्राममध्येही तो उतरे. मग ‘व्हॉट’ नावाची आज्ञा त्या प्रोग्रामच्या पोटात ही चार चिन्हे शोधून पुढचा मजकूर छापी. ग्राहकाच्या यंत्रावर सोर्स नाही, रिपॉझिटरी नाही, लिहिणारा नाही. तरीही हा प्रोग्राम कोणत्या फाईलच्या कोणत्या आवृत्तीतून घडला, हे तो प्रोग्रामच सांगे. धान खरेदी केंद्रावरच्या कारकुनाची अडचण आणि त्या ग्राहकाची अडचण एकच होती.

८/ एससीसीएसची एक गोष्ट पुढच्या पिढ्या विसरल्या, आणि सारा वाद त्या विस्मरणातून उद्भवला. वाचण्यासाठी किंवा कंपाईल करण्यासाठी काढलेल्या प्रतीत कीवर्डचा विस्तार होई. संपादनासाठी काढलेल्या प्रतीत तो होत नसे. तेथे टक्केचिन्हे जशीच्या तशी राहत. कोणी चुकून विस्तारलेली प्रतच सुधारून परत जमा केली, तर फाईलमध्ये ओळखीचे कीवर्ड उरलेले नाहीत असा इशारा यंत्रणा देई. बाहेर जाणारी प्रत आणि आत राबणारी प्रत यांत १९७२ च्या साधनाने असा स्पष्ट भेद केला होता.

९/ १९८२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या वॉल्टर टिची यांनी आरसीएस सादर केली. तिच्यात टक्क्याच्या जागी डॉलरचिन्हे आली आणि एक सोय वाढली: मूल्य भरल्यानंतरही कीवर्डचे नाव जागेवरच राहू लागले. त्यामुळे तीच ओळ पुढच्या वेळी पुन्हा भरता येई. सोय खरीच होती. पण तिच्यासोबत विस्तारलेला शिक्का संपादनाच्या प्रतीतही शिरला. ‘लॉग’ हा कीवर्ड तर प्रत्येक बदलाची टीप फाईलच्या आतच साठवत जाई. नोंदवहीचा मजकूर कागदावर उतरवता उतरवता कागदच नोंदवही होऊ लागला.

१०/ परिणाम अटळ होता. १९८६ मध्ये ॲम्स्टरडॅममधल्या डिक ग्रून यांनी आरसीएसवर आधारून सीव्हीएसचा पाया घातला, पुढे ब्रायन बर्लिनर यांनी तिला नवे रूप दिले, आणि अनेक माणसे एकाच वेळी एकाच कोडवर काम करू लागली. दोन शाखा जुळवताना कोडमध्ये वाद नसला तरी शिक्क्याच्या ओळीत वाद निघे, कारण दोन्हीकडचा क्रमांक वेगळा. चित्राच्या किंवा अन्य बायनरी फाईलमध्ये योगायोगाने कीवर्डसारखी अक्षरे आली तर यंत्रणा तेथेही मूल्य भरून फाईल बिघडवी. टाळण्याचे पर्याय होते. ते आठवणीने द्यावे लागत.

११/ तरीही शिक्का टाकून देण्याची कल्पना त्या काळातल्या जाणत्यांना सुचली नाही. बीएसडी घराण्यातल्या प्रकल्पांनी उलट केले. नेटबीएसडी, ओपनबीएसडी आणि फ्रीबीएसडी एकमेकांच्या फाईली घेत असत. सर्वांनी एकच सामायिक कीवर्ड वापरला असता तर फाईल नव्या घरात जमा होताच जुन्या घराचा शिक्का पुसला गेला असता. म्हणून प्रत्येकाने आपल्या प्रकल्पाच्या नावाचा स्वतंत्र कीवर्ड ठेवला. एका फाईलवर दोन-तीन घरांचे शिक्के शेजारी शेजारी राहिले, आणि फाईल कोठून कोठे आली हा प्रवास तिच्या माथ्यावर वाचता येऊ लागला.

१२/ २००० मध्ये सबव्हर्जनचे काम सुरू झाले. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ ची. तिने धडा घेतला आणि कीवर्डचा विस्तार मुळात बंद ठेवला. ज्या फाईलसाठी हवा तिच्यापुरता तो सांगून चालू करावा लागे. पण येथे नवा गैरसमज जन्मला. कीवर्डमधला क्रमांक म्हणजे संपूर्ण प्रकल्पाची आवृत्ती, असे अनेकांनी मानले. वस्तुतः तो क्रमांक ती एक फाईल शेवटची केव्हा बदलली एवढेच सांगे. एका गटाचा शेवटचा फेरफार क्रमांक पाहून साऱ्या गावाची नोंदवही तेथवरच आली आहे असे समजण्यासारखी ही चूक.

१३/ २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचे गिट आले आणि कीवर्डविरोधी मताला प्रथमच भक्कम पाया मिळाला. तो पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. गिटमध्ये आवृत्तीची ओळख म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला हॅश. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी हॅश बदलतो. तेव्हा कमिटचा हॅश त्याच कमिटमधल्या फाईलमध्ये लिहिता येत नाही. लिहिताक्षणी तो खोटा ठरेल. शिवाय एका शाखेतून दुसरीत जाताना गिट केवळ बदललेल्या फाईलींना हात लावते. प्रत्येक फाईलवर कमिटचा शिक्का असता तर प्रत्येक वेळी साऱ्या फाईली पुन्हा लिहाव्या लागल्या असत्या.

१४/ या युक्तिवादापुढे जुनी घरेही नमली. फ्रीबीएसडीने २०२० च्या डिसेंबरमध्ये आपला सोर्स गिटवर नेला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये मुख्य शाखेतल्या फाईलींवरून आपल्या नावाचा जुना कीवर्ड काढून टाकला. गिटमध्ये त्याचा विस्तार होत नव्हता, त्यामुळे ती ओळ निर्जीव झाली होती. निर्णय योग्यच होता. परंतु या निर्णयाकडे बोट दाखवून शिक्क्याची गरजच संपली असे म्हणणारे दोन भिन्न गोष्टी एक करतात.

१५/ उत्तरपक्ष असा. पूर्वपक्षातला प्रत्येक आक्षेप संपादनाच्या प्रतीविषयी आहे: जुळवणीतले वाद, बिघडलेल्या बायनरी, पुन्हा लिहाव्या लागणाऱ्या फाईली, स्वतःचाच हॅश पोटात धरण्याची अशक्यता. बाहेर जाणाऱ्या प्रतीविषयी त्यात एकही आक्षेप नाही. इतिहास रिपॉझिटरीत आहे हे विधान रिपॉझिटरीसमोर बसलेल्या माणसाने केलेले आहे. तलाठ्याला सातबारावर शेवटचा फेरफार क्रमांक छापलेला नसला तरी चालते. नोंदवही त्याच्याच कपाटात असते. ज्याच्याजवळ केवळ कागद आहे त्याचे चालत नाही.

१६/ आणि गिटनेच ही गरज मान्य केली आहे. रिपॉझिटरीतून संग्रह बाहेर काढताना ठरावीक जागी कमिटचा हॅश आणि दिनांक भरण्याची सोय गिटमध्ये आहे. हा विस्तार केवळ बाहेर जाणाऱ्या संग्रहात होतो. जवळच्या टॅगवरून आवृत्तीचे नाव रचून देणारी ‘डिस्क्राइब’ ही आज्ञा आहे. २०२२ मध्ये आलेल्या गो भाषेच्या १.१८ आवृत्तीपासून तर कंपाईल झालेल्या प्रोग्राममध्ये कमिटचा हॅश आणि वेळ आपोआप नोंदली जाते. म्हणजे ‘व्हॉट’ ही आज्ञा पन्नास वर्षांनी नव्या वेषात परतली. १९७२ चा भेद पुन्हा सापडला, इतकेच.

१७/ गो भाषेची नोंद आणखी एक गोष्ट सांगते: प्रोग्राम घडवला तेव्हा कामाच्या प्रतीत कमिट न झालेले बदल होते की नव्हते. गिटची ‘डिस्क्राइब’ आज्ञाही सांगितल्यास आवृत्तीच्या नावामागे अशी खूण जोडते. सबव्हर्जनमध्येही यासाठी स्वतंत्र साधन होते. २०२० च्या सातबारावरचा ‘प्रलंबित फेरफार’ हा उल्लेख म्हणजे हीच खूण. तलाठ्याची पेन्सिलही हेच सांगत होती. आवृत्ती क्रमांक खरा असूनही प्रत अपुरी असू शकते, याची ही कबुली आहे; आणि जो शिक्का ही कबुली देत नाही तो अर्धा शिक्का होय.

१८/ आता लेबल. शिक्का एका प्रतीवर असतो. लेबल, किंवा टॅग, हे अनेक फाईलींच्या विशिष्ट अवस्थेला मिळून दिलेले नाव. सीव्हीएसमध्ये प्रत्येक फाईलचा क्रमांक स्वतंत्र चाले: एक फाईल १.७ वर, दुसरी १.२३ वर. ग्राहकाला दिलेला संच कोणता, हे एका आकड्याने सांगताच येत नसे. तेथे लेबल ही चैन नव्हती. संच ओळखण्याचा तोच मार्ग होता. सातबाराच्या वहीत प्रत्येक गटाचा शेवटचा फेरफार वेगळा असतो, तेव्हा संपूर्ण गावाची एका दिवसाची स्थिती सांगायला दिनांकच लागतो, तसेच हे.

१९/ लेबलाचे सारे मोल एका अटीवर आहे: एकदा लावलेले लेबल सरकू नये. साधने मात्र सरकवू देतात, आणि सोयीसाठी सरकवणारे पुष्कळ असतात. २०२५ च्या मार्चमध्ये या सोयीची किंमत दिसली. टीजे-ॲक्शन्स या नावाखालचे, फाईलींतले बदल शोधणारे एक लोकप्रिय साधन २३,००० हून अधिक रिपॉझिटऱ्यांत वापरले जात होते. हल्लेखोराने त्याच्या जुन्या आवृत्त्यांची लेबले उचलून एका घातक कमिटवर नेऊन ठेवली. लेबलाच्या नावाने साधन मागवणाऱ्यांना तेच जुने नाव दिसत राहिले. आतला मजकूर बदललेला होता, आणि गुप्त किल्ल्या नोंदींमध्ये छापल्या जात होत्या. ज्यांनी आधीच्या कमिटचा पूर्ण हॅश लिहून ठेवला होता ते यातून वाचले.

२०/ सरकते लेबल ही सोय आहे असे मानणाऱ्यांनी मंत्रालयाकडून एक गोष्ट शिकावी. महाराष्ट्र शासनाचा शासन निर्णय निघतो तेव्हा त्यावर क्रमांक, दिनांक आणि संगणक संकेतांक असतो. त्यात चूक आढळली तर शासन शुद्धिपत्रक काढते. शुद्धिपत्रकाला स्वतःचा क्रमांक आणि दिनांक असतो, आणि ते कोणत्या निर्णयाची दुरुस्ती करते हे त्यात लिहिलेले असते. जुना कागद जुन्या क्रमांकाने तसाच राहतो. गिटच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेचा सल्लाही हाच आहे: टॅग चुकला आणि लोकांपर्यंत पोहोचला, तर चूक मान्य करून नवे नाव द्यावे. सरकारी दफ्तराला दिरंगाईबद्दल नावे ठेवणाऱ्या कंपन्यांतही ही शिस्त दुर्मीळ आहे. परफोर्ससारख्या साधनात लेबलाला कुलूप लावता येते. ते लावण्याची बुद्धी मात्र साधनाबरोबर मिळत नाही.

२१/ लेबलाचे नावही पुरेसे असावे लागते. गोंदिया जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत दोन अर्जुनी आहेत: अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी. नुसते ‘अर्जुनी’ लिहिलेला लिफाफा कोठे जाईल हे टपाल खातेही सांगू शकणार नाही. गोरेगाव तालुका गोंदियात आहे, आणि गोरेगाव मुंबईतही आहे. आरसीएसच्या एका कीवर्डमध्ये केवळ फाईलचे नाव येई, दुसऱ्यात तिचा संपूर्ण मार्ग. प्रत्येक फोल्डरमध्ये एकाच नावाची मुख्य फाईल असलेल्या प्रकल्पात पहिला कीवर्ड म्हणजे नुसते ‘अर्जुनी’ होय. सातबारावर गावाच्या नावासोबत संकेतांक आला त्यामागे हीच गरज आहे.

२२/ लेबल वाचणाऱ्याचीही एक जबाबदारी असते: ते केव्हाचे आहे हे ओळखण्याची. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या कागदांवर जिल्हा भंडारा आहे. आणखी मागे गेले तर १९६० पूर्वी मुंबई राज्य, १९५६ पूर्वी मध्यप्रदेश आणि त्याआधी मध्यप्रांत व वऱ्हाड. गाव तेच, शीर्षके चार. या शीर्षकांपैकी एकही चूक नाही, आणि जुन्या कागदावर ‘गोंदिया’ खोडून लिहिणे हे मात्र चूक ठरेल. लेबल ज्या दिवशी लावले त्या दिवसाचे सत्य ते सांगते.

२३/ याच जिल्ह्यात चुकीच्या वाचनाचेही उदाहरण आहे. भंडारा-गोंदियाचे शेकडो तलाव ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जातात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली, ३१ मार्च १९५१ पासून हे हक्क शासनाकडे आले आणि दफ्तरात तलावांवर ‘माजी’ हे लेबल चढले. नाव ऐकून आज अनेकांना वाटते की तलाव मालगुजारांनी बांधले. त्यांपैकी पुष्कळ तलावांमागे कोहळी समाजाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य आहे. नवेगावबांधचा तलाव परंपरेने कोलू पाटील कोहळी यांच्या नावे सांगितला जातो. लेबलाने मालकी संपल्याची तारीख नोंदवली. तलाव कोणी घडवले हे सांगण्याचे काम त्याला कोणी दिलेच नव्हते.

२४/ शिक्का असला म्हणजे सारे झाले, असेही नव्हे. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या दाबणी-साधनातले कारस्थान उघड झाले. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या वाटल्या गेलेल्या संग्रहांत अशी एक फाईल होती जी गिट रिपॉझिटरीत नव्हती, आणि मागच्या दाराची किल्ली तिच्यातूनच फिरत होती. संग्रहावरचे नाव बरोबर होते. आतला मजकूर त्या नावाचा नव्हता. शिक्का हा दावा आहे, आणि दावा मूळ नोंदीशी ताडून पाहता आला पाहिजे. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबारावर पडताळणी क्रमांक असतो तो यासाठी: कागद हाती असलेल्या कोणालाही तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ नोंद पाहता येते.

२५/ संहितेचे कलम १५७ येथे मार्गदर्शक आहे. अधिकार अभिलेखातली नोंद आणि प्रमाणित फेरफार हे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा त्याजागी कायदेशीर नवी नोंद होईपर्यंत, खरे मानले जातात. हा मान नोंदवहीतल्या प्रमाणित नोंदीला आहे, कारण तिच्यामागे नोटीस, मुदत आणि अधिकाऱ्याची जबाबदारी उभी आहे. घरी ठेवलेल्या जुन्या उताऱ्याला हा मान तेवढाच, जेवढा तो आजच्या नोंदीशी जुळतो. आणि जुळतो की नाही हे पाहण्याचा पहिला धागा म्हणजे त्याच्यावरचा शेवटचा फेरफार क्रमांक.

२६/ मग या वादातला खरा अपराधी कोण? यंत्रणेने भरलेला शिक्का नव्हे. अपराधी आहे हाताने लिहिलेला शिक्का. यंत्रणेचा शिक्का जुनाट म्हणून हाकलला की त्याची जागा रिकामी राहत नाही. तेथे माणूस स्वतःच्या हाताने काहीतरी लिहितो. फाईलच्या माथ्यावरची ‘आवृत्ती २.१’ ही ओळ, जी २.४ आली तरी कोणी बदलत नाही. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम खरी’ या नावांचे तीन दस्तऐवज एकाच फोल्डरमध्ये. कीवर्डच्या विस्ताराची टिंगल करणाऱ्या संस्थांतच ही नावे सर्वाधिक आढळावीत, यात आश्चर्य नाही.

२७/ म्हणून मागणी साधी आहे, आणि ती प्रोग्रामरांइतकीच प्रत्येक दफ्तराला लागू पडते. राबत्या प्रतीत शिक्का नको. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रतीवर तो हवाच, आणि तो नोंदवहीतून यंत्रणेनेच भरलेला हवा. प्रमाणित न झालेला बदल प्रतीत असेल तर तसा स्पष्ट उल्लेख हवा. लेबल लोकांपर्यंत पोहोचल्यावर ते सरकवू नये. चुकले तर नव्या नावाचे शुद्धिपत्रक काढावे. आणि शिक्का खरा की खोटा हे परक्या माणसालाही तपासता यावे.

२८/ यातले काहीही नवे नाही. बेल लॅब्सने १९७२ मध्ये याचा पहिला भाग सोडवला होता. सातबाराच्या नमुन्याने २०२० मध्ये तोच भाग जमिनीच्या कागदावर आणला. ज्याच्याजवळ नोंदवही आहे त्याला शिक्का निरुपयोगी वाटणे स्वाभाविक आहे. नियम मात्र ज्याच्याजवळ नोंदवही नाही त्याच्याकडे पाहून करायचा असतो. धान खरेदी केंद्राच्या रांगेत उभा असलेला शेतकरी असो किंवा मध्यरात्री बंद पडलेल्या सर्व्हरपुढे बसलेला तंत्रज्ञ, दोघांच्या हाती एकच प्रत असते आणि दोघांनाही तिला एकच प्रश्न विचारायचा असतो: तू कोणत्या नोंदीपर्यंतची? प्रतीला याचे उत्तर देता आले पाहिजे.

(थ्रेड समाप्त)